पीळ

अण्णांच्या फियाटचे मागचे डावे दार गेल्या पावसाळ्यात हट्टाला पेटले. गाडी सपाट जागी उभी असली की ते नीट लागे. पंक्चर झालेले चाक काढण्यासाठी त्या कोपऱ्याला जॅक लावला की मात्र चौकटीत अडकून बसे आणि जॅक उतरवला की मुकाट्याने पुन्हा मोकळे होई. आम्ही उभयता महाविद्यालयात मराठी शिकवतो, यंत्रविद्येतला आमचा अधिकार स्कूटरचा प्लग पुसण्यापुरता. तरीही दाराचे हे वागणे शब्दांत मांडायला आम्हांला फार विचार करावा लागला नाही : गाडीला पीळ पडत होता.

अण्णा म्हणजे आमच्यातल्या एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. त्यांची फियाट 1100 डिलाइट 1971 सालची, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली; ‘पद्मिनी’ हे नाव याच गाडीला 1974 मध्ये मिळाले. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही अण्णा दर वद्य एकादशीला नेवाशाला पैसाच्या खांबाच्या दर्शनाला जातात, आणि याच गाडीतून जातात. आता चालवतो आम्ही, ते शेजारी बसून ब्रेक दाबतात. त्यामुळे प्रश्न हौसेचा नव्हता. घोडेगावच्या पुढे समोरून ट्रक येत असताना ही गाडी सरळ रेषेत थांबेल की नाही, असा तो होता.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची एक चिलखती मोटार आहे. विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही तिथे कितीदा तरी गेलो, पण तिच्याखाली वाकून पाहिले ते यंदा प्रथमच. तिला स्वतंत्र सांगाडा आहे, शिडीसारखा : दोन लांब तुळया आणि मध्ये आडवे दांडे. वरची पेटी बदलली तरी खालची शिडी तीच राहते. म्हणूनच पहिल्या महायुद्धात श्रीमंतांच्या या मोटारीवर चिलखत चढवता आले. त्यासाठी स्प्रिंगा बळकट केल्या, मागे दुहेरी चाके लावली. शिडीने ते ओझे पेलले. अण्णांच्या गाडीला अशी शिडी नाही. तिच्या जातीत, म्हणजे 1953 साली आलेल्या फियाट 1100 पासून, पत्र्याची पेटी हाच सांगाडा. मिठाईचा खोका झाकणासकट पिळून पाहावा आणि मग झाकण काढून. फरक हाताला कळतो. या पेटीचे बळ तिच्या बंद पोकळ्यांत असते, आणि त्यांतली सर्वांत मोलाची म्हणजे दारांखालून पुढून मागे जाणारी पोकळी. भिंगारच्या मिस्त्रींनी तिला पेचकस टेकवला, तो आत गेला. पन्नास वर्षांचे पाणी तिथे साचत आले होते.

बंद नळी आणि चिरलेली नळी यांतला भेद आम्ही शिक्षकांच्या खोलीत हजेरीपटाचा कागद गुंडाळून, एकदा कडा चिकटवून आणि एकदा न चिकटवता, सहकाऱ्यांना करून दाखवला. इतिहासाच्या सरांनी कागद परत मागितला.

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. एकाने पोटाखालून दोन चौकोनी नळ्या लांबीभर वेल्ड करायला सांगितले, म्हणजे नसलेली शिडी बसवायची. दुसऱ्याने शर्यतीच्या गाड्यांसारखा आत नळ्यांचा पिंजरा सुचवला. त्यात अण्णा बसणार कसे, हे त्याने सांगितले नाही. तिसरा म्हणाला, पत्र्यांच्या ठिपक्याठिपक्यांनी जोडलेल्या शिवणी सलग वेल्ड करा. हा उपाय खोटा नाही, ताठपणा त्याने खरोखर वाढतो. मिस्त्रींचे म्हणणे मात्र आम्हांला सर्वांत पटले. जाड नळी जिथे संपते तिथे पातळ पत्र्याला तडा जातो, असे ते म्हणाले. एक जागा ताठ केली की ताण नाहीसा होत नाही, शेजारच्या घरी राहायला जातो.

मध्येच आणखी एक पेच आला. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक देऊ केला. मोह झाला, नाही असे नाही. पण सांगाड्यात वा पेटीत बदल केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ती प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला न्यायची. म्हणजे एकादशी संपली.

नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली आणि शके 1506 मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. नाथांनी लेखनिकांचे अपपाठ काढले आणि पुढे कोणी आपल्या ओव्या त्यात मिसळू नयेत असे बजावले. मोटारीच्या पत्र्याला पाठचिकित्सा लावणे जरा अतीच झाले, हे मान्य. तरी निर्णय त्याच वाटेने झाला : गंजलेले तेवढे काढायचे, त्याच जाडीचा पत्रा त्याच आकारात बसवायचा, नवे काही घालायचे नाही. व्हीए क्रमांकही नको.

काम आम्ही समजत होतो त्याहून नाजूक निघाले. दाराखालची पोकळी कापली की पेटी मधोमध खचते आणि मग दार जन्मात बसत नाही. म्हणून मिस्त्रींनी आधी दारांच्या चौकटींत आडव्या पट्ट्या ठोकून माप जखडले, गाडी चारही चाकांवर समपातळीत ठेवली, आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. मागच्या पाटा-स्प्रिंगा जिथे टांगलेल्या असतात तिथलाही पत्रा बदलावा लागला. तो हिशेबात नव्हता. दिवाळीचा बोनस तिथे गेला.

अण्णा रोज रिक्षाने भिंगारला जाऊन खुर्ची टाकून बसत. एकदाही त्यांनी सूचना केली नाही, याचेच आम्हांला नवल वाटले. शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी मागच्या डाव्या कोपऱ्याला जॅक लावला, चाक जमिनीवरून उचलले आणि बाजूला झाले. अण्णा उठले, दार उघडले, लावले. पुन्हा उघडले. मग आत बसले, आणि ते लावून घेतल्यावर काच खाली करून म्हणाले, “जॅक काढा आता. एकादशी परवा आहे.”