ओथोचा दिनार

नाण्यांचा छंद आम्हांस नाहीं. त्याला लागणारा पैसाहि नाहीं. तथापि एका स्नेह्यांच्या संग्रहांतील एक रोमन दिनार आम्हीं तळहातावर घेतला आणि तो लवकर परत करवेना. (संस्कृत ग्रंथांतील ‘दीनार’ हा शब्द ह्याच नाण्याच्या नांवावरून आला.) आकारानें तो आपल्या जुन्या चांदीच्या पावलीएवढा, वजनाला तिच्याहून किंचित् अधिक.

त्यावर मुखवटा आहे तो ओथोचा. हा गृहस्थ इ. स. ६९ च्या १५ जानेवारीस रोमचा बादशहा झाला आणि १६ एप्रिलला त्यानें आत्महत्या केली. एवढ्या अवधींत एखादा दिवाणी दावा सुनावणीसहि येत नाहीं. रोमच्या टांकसाळीनें मात्र त्याच्या नांवाचीं सोन्याचांदीचीं नाणीं पाडलीं. तांब्यापितळेचीं निघालींच नाहींत. ओथोचे केस विरळ असल्यामुळें तो टोप घालीत असे व तो कोणाच्या लक्षांतहि येत नसे, असें स्वेटोनिअस सांगतो. शिक्का कोरणाऱ्यानें त्या ओळीनें लाविलेल्या बटा जशाच्या तशा उतरविल्या आहेत!

मागील बाजूस रोमन जनतेच्या सुरक्षिततेची देवता हार व राजदंड घेऊन उभी आहे. ह्याच बादशहाच्या दुसऱ्या नाण्यांवर तर अखिल जगाच्या शांततेची ग्वाही आहे. वृद्ध गाल्बाचा खून करवून जो गादीवर आला त्यानें ही ग्वाही द्यावी! इकडे ऱ्हाइन नदीवरच्या पलटणींनीं त्याच्या आधींच व्हिटेलिअसला बादशहा म्हणून पुकारलें होतें.

एप्रिलांत बेड्रिआकमजवळ ओथोच्या सैन्याचा मोड झाला. ताज्या पलटणी येत होत्या, शिपाई पुन्हां लढूं म्हणत होते. त्यानें नकार दिला. आपल्या एका जिवासाठीं इतकीं माणसें मरावींत हें त्यास पटेना. स्वेटोनिअसचा बाप ह्याच लष्करांत अधिकारी होता, आणि ओथोला यादवीचा मनापासून तिटकारा असे, असें तो सांगे. मग ती मागील बाजू निव्वळ ढोंग म्हणावी काय? आमच्यानें तसें म्हणवत नाहीं.

त्या अखेरच्या दिवशीं त्यानें, व्हिटेलिअसच्या हातीं पडल्यास कोणास बाधतील असे सारे कागद नष्ट केले. मग पैसे वांटले. ते, टॅसिटस सांगतो, हात राखून. उद्यां मरावयाचें आहे अशा माणसाप्रमाणें नव्हे.