आठ नंबर की बारा नंबर?

मासा म्हटलं की आपल्याला आधी तळलेली तुकडी आठवते. पण अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला ‘कीज’ नावाची बेटं आहेत. तिथे मासा पकडायचा, डोळे भरून बघायचा आणि चक्क सोडून द्यायचा!

मायामीहून मावसभावाच्या गाडीने निघालो आणि दोनेक तासांत इस्लामोराडाला पोहोचलो. रस्ता एकदम भन्नाट. बेटामागून बेट, मध्ये पूल आणि दोन्हीकडे हिरवंनिळं पाणी. इथे आधी रेल्वे होती. १९३५च्या चक्रीवादळात ती उखडली आणि १९३८ मध्ये त्याच मार्गावर हा हायवे सुरू झाला.

दुसऱ्या दिवशीची बोट बुक होती, म्हणून आधी रॉडच्या दुकानात गेलो. भिंतभर रॉड, बहुतेक सगळे नऊ फुटी. मग फरक कशात? तर नंबरात.

फ्लाय फिशिंगचा फंडाच उलटा आहे. आपल्याकडे गळाला शिसं बांधतात. ते पुढे जातं आणि दोरी मागून येते. इथे हुकाला पिसं-केस बांधून केलेली नकली कोळंबी किंवा खेकडा असतो, त्याला वजन जवळजवळ नाहीच. वजन असतं ते दोरीला, म्हणजे लाइनला. रॉडवरचा नंबर सांगतो, तो किती जड लाइन फेकेल. आठ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण साडेतेरा ग्रॅम भरतात, बारा नंबरचे जवळपास पंचवीस.

दुकानदाराचा पहिला प्रश्न, ‘मासा कुठला?’ बोनफिशला आठ, पर्मिटला नऊ-दहा, टार्पनला अकरा-बारा. आणि दुसरा मुद्दा वाऱ्याचा. नदीवरचा नाजूक, लवचीक रॉड इथे कामाचा नाही. समुद्राचा वारा कापायला रॉड ताठ हवा.

सकाळी बोटीवर मावसभावाने टार्पनसाठी आठ नंबर उचलला. हलका रॉड म्हणजे झुंज जास्त, मजा जास्त! गाइडने शांतपणे त्याच्या हातात बारा नंबर दिला. हलक्या रॉडने टार्पन आवरायला फार वेळ लागतो आणि तो पार थकून जातो. दमलेल्या टार्पनच्या मागावर शार्क असतातच. मग आपण सोडला तरी तो वाचेलच असं नाही. फ्लोरिडात बोनफिश सोडावाच लागतो. टार्पनही, रेकॉर्डसाठी खास टॅग घेतला नसेल तर. शिवाय ४० इंचांपेक्षा मोठा टार्पन फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर काढता येत नाही.

तासाभराने टार्पन लागला. माणसाएवढा चंदेरी मासा हवेत उसळला तेव्हा मी अक्षरशः किंचाळले. वीस मिनिटांत तो बोटीशी होता. गाइडने हुक काढला. क्षणभर तो तसाच तरंगत राहिला, मग शेपटीचा एक फटका आणि गायब!

जायचंय?
- टार्पनसाठी एप्रिल ते जून बेस्ट.
- गाइडच्या बोटीवर वेगळं लायसन्स लागत नाही, स्वतः मासे धरायचे तर लागतं.
- रॉड चार तुकड्यांचा घ्या, विमानात सोपा पडतो.
- रीलवर ‘सॉल्टवॉटर’ लिहिलंय ना, बघा. संध्याकाळी रॉड आणि रील गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ सगळं खाऊन टाकेल.