स्टिकर जागच्या जागी

सहाशे रुपयांचं मला काही नाही. स्टिकरचं आहे.

लॅपटॉप २०१६ च्या दिवाळीतला. विकताना दुकानदाराने खालच्या एका स्क्रूवर आपल्या नावाचा नखाएवढा गोल स्टिकर चिकटवला होता. कुणी उघडलंच तर आधी तो फाटणार. नऊ वर्षांत तशी वेळ आली नाही. मी मुद्रितशोधक. घरी बसून प्रुफं वाचते. प्रकाशकांच्या जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतात, त्या या यंत्रावर बिनतक्रार उघडतात, म्हणून नवं घ्यायची कधी घाई केली नाही.

मग विंडोज १० चा निरोपसमारंभ सुरू झाला. १४ ऑक्टोबर २०२५ ही शेवटची तारीख, अकरावर या, अशी सूचना रोज यायची आणि खाली लगेच लिहिलेलं असायचं की तुमचं यंत्र त्यात बसत नाही. कारण काय, तर माझा प्रोसेसर इंटेलचा सहाव्या पिढीचा आणि त्यांची इंटेलची यादी आठव्या पिढीपासून. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात चार पिढ्या एका नळावर नांदल्या, इथे दोन पिढ्यांसाठी दार बंद!

भाऊबीजेला भावाबरोबर भाचा आला. हिंजवडीत नोकरीला असतो. "आत्या, यादी राहू दे बाजूला, मी टाकून देतो," म्हणाला. खिशात पेनड्राइव्ह होताच. ती पात्रतेची तपासणी चुकवून कसं आत शिरायचं हे त्याला ठाऊक होतं. माझ्या फायली त्याने आधी दुसरीकडे उतरवून घेतल्या, हे त्याचं शहाणपण. श्रीखंड-पुरी होईपर्यंत विंडोज ११ उभं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पंखा. आधीही तो वाजायचा, पण आता पिठाची गिरणी. तळहात टेकवता येईना. भाचा फोनवर म्हणाला, नवी सिस्टीम सुरुवातीला सगळ्या फायलींची सूची करत बसते, दोन दिवस थांब. मी आठ दिवस थांबले. मग त्याने तापमान दाखवणारा एक प्रोग्रॅम टाकायला लावला. आकडा ९६. पाणी उकळायला चार कमी. शंभराच्या आसपास गेलं की चिप स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवते, असं त्याने सांगितलं. म्हणूनच मी 'क्ष' टाइप करायची आणि तो चहाचा घोट घेऊन झाल्यावर उमटायचा.

पुण्यातल्याच एका मोठ्या दुकानात नेला. काचेचं दार, एसी, हातात टोकन. सहा दिवस ठेवून घेतला. सातव्या दिवशी निकाल: "मदरबोर्ड वीक झालाय. जुनं मॉडेल आहे काकू, नवीन सिस्टीम झेपत नाही त्याला. अकरा हजार खर्च येईल. त्यापेक्षा ढकलून टाका." तपासणीचे सहाशे. दिले. लॅपटॉप पिशवीत घालून निघाले, आणि खरं सांगते, रस्ताभर त्याचं सुतक पाळल्यासारखी चालले.

घरी आल्यावर उलटा केला. स्टिकर जागच्या जागी.

माझा धंदाच नजरेचा आहे. चारशे पानांत एक वेलांटी चुकली तर मला दिसते. स्टिकरची कड उचकटलेली नव्हती, पुन्हा चिकटवल्याची सुरकुती नव्हती, नऊ वर्षांचा मळ कडेने अखंड गोल. सहा दिवसांत या माणसांनी एकसुद्धा स्क्रू फिरवला नव्हता. रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले. काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काकू, आम्ही सॉफ्टवेअरने तपासतो. उघडायला लागत नाही." मी म्हटलं, मग मदरबोर्ड वीक असल्याचं सॉफ्टवेअरने सांगितलं का? तर म्हणाला, "अनुभवावरून कळतं." मागे गुडघ्यासाठी एका डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनीही गुडघ्याला हात न लावता "वय झालंय" सांगितलं होतं. दुसरा गुडघाही त्याच वयाचा आहे, तो का दुखत नाही, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. इथेही नाही सुचलं. "बरं," म्हणून परत आले. त्या 'बरं'चा राग अजून गेलेला नाही.

शेवटी तापकीर गल्लीत गेले. कपाटाएवढं दुकान, आत पंचविशीचा मुलगा. त्याने स्टिकर माझ्यासमोर टर्रकन फाडला तेव्हा मला बरंच वाटलं. दहा मिनिटांत झाकण निघालं. चिपची उष्णता एक चपटी तांब्याची नळी उचलून नेते. नळीत थोडासा द्रव असतो, तो गरम टोकाला वाफ होतो आणि दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांच्या जाळीपाशी पुन्हा पाणी. पंख्याने त्या जाळीतून वारा ढकलायचा. माझ्या जाळीपुढे करड्या रंगाची चक्क लादी बसली होती, आणि तिच्यात दोनचार जांभळे धागे. "गोधडीवर ठेवता ना?" मुलाने विचारलं. हो. आईच्या लुगड्याची गोधडी. पलंगावर मांडी घालून मी नऊ वर्षं त्याच गोधडीवर लॅपटॉप ठेवून प्रुफं वाचत होते. चिप आणि तांब्याच्या मधली पेस्टही वाळून गेली होती, सहाणेवर राहिलेल्या गंधासारखी. साफसफाई आणि नवी पेस्ट, मिळून साडेचारशे. आता काम करताना आकडा सत्तरच्या आसपास असतो.

तेव्हा मंडळी, लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नका. मागच्या पायांखाली बाटलीची दोन बुचं सरकवा, खालून वारा जातो. घरी साफ करायचा झाला तर फुंकर मारताना पंख्याचं पातं पेन्सिलीने धरून ठेवा, नाहीतर तो उलटसुलट भिरभिरतो आणि बिघडतो. दुरुस्तीला द्याल तेव्हा समोर उघडायला सांगा. आणि ज्यांना माझ्यासारखा चोरवाटेचा खेळ नको असेल त्यांनी विंडोज १० वरच राहून नोंदणी करावी, सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मी मात्र अकरावरच आहे. त्याचे अपडेट येत राहतील याची मला कुणी हमी दिलेली नाही.

एक कबूल करायला हवं. नवी सिस्टीम झेपत नाही, हे त्या दुकानाचं म्हणणं निखालस खोटं नव्हतं. तिचा भार जास्त आहेच. लादी आधीपासून होती, पण दहावर यंत्र धापा टाकत का होईना चालायचं. भाच्याने अकरा टाकलं नसतं तर मला पत्ताही लागला नसता. आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नव्हते, ते चुकलंच. तरी त्या दुकानाला मी माफ केलेलं नाही. त्यांनी अंदाज बांधला, तो अर्धा बरोबर आला, आणि पैसे मात्र पाहिल्याचे घेतले.

पावती जपून ठेवली आहे. तीवर निळ्या शाईत लिहिलंय: 'तपासनी, रु. ६००'. न नळातला.