निरोप्याची वही

झाशी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे किल्ला आणि राणी उभी राहते; थोडे अधिक वाचलेले असेल तर वरसईचे विष्णुभट गोडसेही आठवतात. मला मात्र आठवते ती आमच्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, काळ्या पुठ्ठ्याची वही. नेवाळकरांच्या सुभेदारीबरोबर जी मराठी कुटुंबे झाशीत गेली आणि १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावरही तिथेच राहिली, त्यांपैकी एक आमचे आजोळ.

आजोबा १९५० साली सैन्याच्या सिग्नल विभागात भरती झाले. शिक्षण जबलपूरला झाले. पंधरा वर्षांची नोकरी संपवून ते गावी परतले आणि १९६६ साली उत्तर प्रदेश पोलिसांच्या बिनतारी विभागात लागले. तेथून १९९० साली निवृत्त झाले. म्हणजे चाळीस वर्षे या माणसाने एकच काम केले : दुसऱ्याचे शब्द तिसऱ्याकडे पोचवणे. त्यातही पुष्कळसे संदेश सांकेतिक असत. अक्षरांचे गट कानांवर पडायचे, हाताने लिहायचे, किल्लीवर पुढे ठोकायचे. ज्या संदेशाने पलटणी हलल्या त्याचा अर्थ तो पाठवणाऱ्यालाच ठाऊक नसे. अनुवादावर आम्ही एवढे लिहितो, पण अर्थाला स्पर्शही न करता मजकूर जसाच्या तसा पार नेणाऱ्या या जातीचा विचार आमच्या शास्त्राने केल्याचे मला स्मरत नाही.

१९९८ च्या उन्हाळ्यात मी पुण्याहून टेपरेकॉर्डर घेऊन आजोळी गेलो. विद्यार्थी होतो, आणि मौखिक इतिहास हा शब्द नुकताच शिकलो होतो. आजोबा दोन संध्याकाळी बोलले. नोव्हेंबर १९६२ मधले तेजपूर, रिकामे होत चाललेले गाव, एकाच तंबूत पाळीपाळीने झोपणारे दोघे ऑपरेटर. तो जोडीदार मद्रासकडचा होता. ‘त्याचा हात मी हजारांत ओळखीन,’ ते म्हणाले. मोर्सच्या किल्लीवर प्रत्येकाची ठोकण्याची लय निराळी असते, तिला ते लोक ‘हात’ म्हणत. तिसऱ्या संध्याकाळी ते सांगू लागले, ‘तेव्हा मी साहेबांना म्हटलो...’ आणि मी हसून दुरुस्ती केली, ‘आजोबा, म्हणालो.’ ते थांबले. मग हिंदीत म्हणाले की बाकीचे नंतर कधीतरी. त्यापुढे त्यांनी माझ्याशी नोकरीविषयी जे काही बोलणे केले ते हिंदीत, आणि तेही रोजनामच्याच्या हिंदीत : अमुक तारखेस अमुक ठिकाणी रुजू झालो. ते २००९ साली गेले.

झाशीत सैनिक पुष्कळ झाले, आत्मवृत्ते थोडी. मेजर ध्यानचंद १९२२ साली सैन्यात शिरले आणि १९५६ साली निवृत्त झाले. त्यांचे आत्मचरित्र १९५२ साली मद्रासहून इंग्रजीत निघाले, पण त्याच्या नावापासूनच ते हॉकीचे आहे. त्याआधी सुभेदार सीतारामाचे प्रसिद्ध आत्मवृत्त, १८७३ साली नॉरगेटने इंग्रजीत दिलेले. त्याची मूळ संहिता आजवर सापडलेली नाही, आणि ती होती की नाही याविषयीच विद्वानांत वाद आहे. पुढे त्या इंग्रजीचे हिंदुस्तानी भाषांतर होऊन ते गोऱ्या अधिकाऱ्यांना परीक्षेसाठी नेमले गेले. शिपायाचे मनोगत अधिकाऱ्याच्या पाठ्यपुस्तकातून मिळावे, ही त्या वाङ्मयाची एकंदर अवस्था. १८५८ च्या वेढ्याचे आपल्याकडचे वर्णनही लढणाऱ्याचे नाही, एका भिक्षुकाचे आहे.

आजोबांची वही मामींनी मला गेल्या वर्षी दिली. संदेशाच्या छापील कागदासारखीच ती आखलेली आहे : वेळ, कोणाकडून, कोणाला, मजकूर. भाषा हिंदी, मधूनमधून रोमन लिपी. ‘मी’ कुठेही नाही. फक्त मे १९७३ ची चार पाने मराठीत आहेत. त्या महिन्यात उत्तर प्रदेशच्या प्रांतीय सशस्त्र दलातील काही तुकड्यांनी बंड केले, ते मोडण्यासाठी सैन्य बोलावले गेले, आणि जूनमध्ये मुख्यमंत्री कमलापती त्रिपाठी यांनी राजीनामा दिला. एकाच अंगावर आधी एक आणि मग दुसरा गणवेश चढवलेल्या माणसाला ते दिवस कसे गेले असतील, हे मी त्यांना कधी विचारले नाही. ठाण्यात मराठी वाचणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून ती पाने मराठीत, असा माझा तर्क आहे. एका रात्रीची नोंद अशी :

‘दोन वाजून दहा. बाजूच्या जाळ्यावर फौजेची गाडी बोलते. हात ओळखीचा आहे, तेजपूरचा. तो तीनदा विचारला कोण ऐकतो. मी उत्तर नाही दिला.’

‘उत्तर’ मराठीत नपुंसकलिंगी आहे. हिंदीतले पुल्लिंग इथे आले आहे. नकाराची जागाही हिंदीची. वही छापावी असे काही सहकाऱ्यांचे मत पडले, आणि एका जाणत्या मित्राने सुचवले की भाषा थोडी नीट करून घ्यावी, वाचकाला ठेच लागू नये. त्याचे अगदीच चुकले असे म्हणता येत नाही. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला तो बराच सुधारून, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. मधली एकोणसाठ वर्षे महाराष्ट्राने सुधारलेलेच पुस्तक वाचले आणि त्यावर प्रेमही केले.

पण मी ती दुरुस्ती एकदा करून बसलो आहे. त्या ओळीत घरची मराठी आणि नोकरीची हिंदी एकमेकींत शिरल्या आहेत, आणि बहुधा तशा शिरल्या म्हणूनच ‘मी’ हा शब्द उमटू शकला. शुद्ध मराठीत आजोबांना बंदोबस्त सांगता येत नव्हता, शुद्ध हिंदीत स्वतःविषयी बोलता येत नव्हते. उत्तर न देणे ही शिस्त होती, भीती होती, की जुन्या जोडीदाराला संकटात न टाकण्याची काळजी होती, ते वही सांगत नाही.

मुद्रणप्रतीत ‘दिला’ तसाच ठेवला आहे. तळटीप दिलेली नाही. पुढची नोंद सकाळी सहाची, पुन्हा हिंदीत आहे : पाळी संपली, बॅटऱ्या भरल्या, यंत्र ठीक.