बाटलीचं नाव विचारू नकोस

कोलकाता

प्रिय सुहास,

बदली होऊन इकडे येतोयस, फार बरं वाटलं. पत्रात तुझी फर्माईश एकच : इथे आल्यावर प्याव्यात अशा दहा बिअरची यादी. ती मी देणार नाही, आणि का देणार नाही हे सांगायलाच हे पत्र. बिअरची शिफारस नावानं करण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं मत आहे. ती किती ताजी आहे, कुठल्या हवेत प्यायची आहे आणि पुढ्यात काय वाढलंय, यावर तिचं चांगलं-वाईट ठरतं. यादीत नेमक्या याच तीन गोष्टी येत नाहीत.

याचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे हेच शहर. इंडिया पेल एलची (आयपीएची) दंतकथा तुला ठाऊक असेल : लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसननं कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी मुद्दाम कडक, भरपूर हॉप्सची (कडवटपणा आणणाऱ्या फुलांची) बिअर शोधून काढली, कारण बाकीच्या वाटेत नासत. ही गोष्ट जशीच्या तशी खरी नाही. गोऱ्या सोल्जरांसाठी काळीभोर पोर्टर जहाजं भरभरून येत होती आणि पिण्याजोगी पोचत होती. उष्ण देशांत माल पाठवायचा तर हॉप्स जास्त घालावेत, हेही इंग्लंडातल्या बिअरवाल्यांना आधीपासून माहीत होतं. हॉजसनचं भाग्य एवढंच, की त्याची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी देई. बाकीचं काम प्रवासानं केलं. केप ऑफ गुड होपला वळसा, दोनदा विषुववृत्त, चार ते सहा महिने लाकडी पिंपात हेलकावे. तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरवायची बिअर वाटेतच मुरली, आणि इथल्या उकाड्यात ती कोरडी, कडवट चव लोकांच्या जिभेवर बसली. गंमत म्हणजे ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापलेलं आढळतं ते १८२९ साली, सिडनीच्या एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत. कलकत्त्याचे लोक त्याआधी कित्येक वर्षं ती पीत होते.

पुढचा भाग माझ्या मुद्द्याला जास्त उपयोगी. १८२०च्या दशकात हॉजसनच्या पेढीला हाव सुटली. उधारी बंद, भाव वर, आणि मधल्या व्यापाऱ्यांना बाजूला सारून सगळा धंदा स्वतःकडे घ्यायचा बेत. ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी १८२२मध्ये इंग्लंडातल्या बर्टनचा बिअरवाला सॅम्युअल ऑलसॉप याला तशीच बिअर करून बघायला सांगितलं. पुढच्याच वर्षी तिची पिंपं भारताकडे निघाली. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा लंडनपेक्षा स्वच्छ उतरतो. हॉजसनचं नाव तोवर दर्जाची खूण झालं होतं, तरी ऑलसॉप आणि पाठोपाठ बर्टनच्याच बास यांनी त्याचा बाजार हिसकावला. पिणारे नुसते नावावर जाणारे असते, तर हे घडलं नसतं.

आता ताजेपणाचं बघ. बिअर हा नाशवंत माल आहे, दारूच्या दुकानात व्हिस्कीशेजारी मांडतात म्हणून आपण हे विसरतो. ऊन लागलं की हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि एक उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच ऊन बरंच अडवते, हिरवी फार कमी. उष्णतेनं ऑक्सिजनचा परिणाम वाढतो आणि चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी होते. वैशाखात, वीज गेलेल्या ‘ऑफ शॉप’च्या मागच्या खोलीत खोकी पडून राहिली असतील, तर आतली बिअर जगप्रसिद्ध असून काय उपयोग? म्हणून पहिली शिफारस : लेबलावरची उत्पादनाची तारीख वाच. दोन महिन्यांपूर्वीची साधी लेगर ही मुदत संपत आलेल्या परदेशी बाटलीपेक्षा बहुधा सरस निघते. आणि हो, आझाद हिंद एक्स्प्रेसनं येताना पुण्याच्या एखाद्या ब्रूअरीतून ग्राउलर (बिअर न्यायची मोठी बाटली) भरून आणायचा विचार असेल तर सोड. दीड दिवस गरम डब्यात हिंदकळलेली बिअर, हावड्याला उतरेपर्यंत तिचा जीव गेलेला असेल. एका राज्यातली दारू दुसऱ्यात नेण्याचे नियम आहेत ते वेगळेच.

याद्या टिकत नाहीत, याचं एक कारण अबकारी खातंही आहे. प्रत्येक राज्यात लेबलची नोंदणी वेगळी, कर वेगळा, म्हणून भावही वेगळा. पश्चिम बंगालात घाऊक विक्री २०१७पासून सरकारी महामंडळामार्फत होते. गोव्यात हातोहात मिळणारी बाटली इथे दिसेलच असं नाही, आणि यंदा दिसली ती पुढच्या वर्षी गायब. तू म्हणशील, म्हणूनच तर माणसांनी एकमेकांना नावं सांगायला हवीत. टीव्हीवर २०००पासून दारूच्या जाहिरातीला बंदी, त्यामुळे कंपन्या सोडा आणि पाण्याच्या आडून नाव मिरवतात. मग खरी माहिती मिळायची कुठून? हा आक्षेप मला मान्य आहे. सांगायला हवंच, फक्त प्रकार सांगावा. ब्रिटिश पत्रकार मायकेल जॅक्सन (गायक नव्हे) यांनी १९७७च्या आपल्या पुस्तकात जगातल्या बिअर प्रकारांनुसार लावून दाखवल्या. पिल्सनर म्हणजे काय, गव्हाची बाव्हेरियन बिअर म्हणजे काय, हे एकदा कळलं की अनोळखी लेबलसमोरही माणूस चाचपडत नाही.

दुसरा आक्षेप बिअरला गुण देणाऱ्या अॅपवरच्या ताऱ्यांचा. हजारो लोकांचं मत खोटं कसं? खोटं नाही, पण ते एकाच बाजूला झुकलेलं आहे. वरच्या क्रमांकांवर इंपीरियल स्टाउटसारख्या जड, दुर्मीळ, महाग बिअर गर्दी करतात, कारण चार घोटांत त्याच छाप पाडतात. जिची बाटली संपली तरी कंटाळा येत नाही, अशी पिल्सनर तिथे मागे पडते. आणि त्या तारे देणाऱ्यांपैकी कितीजण कासुंदी (मोहरीची चटणी) लावलेला भेटकी माशाचा फिश फ्राय खात होते?

हाच खरा प्रश्न आहे. फिश फ्रायबरोबर गव्हाची बिअर माग. मोहरीचा झणका नाकात जातो तेव्हा तिचा केळ्या-लवंगेचा वास आणि कमी कडवटपणा त्याला सांभाळून घेतो. इथल्या चिनी वस्तीत, टांगऱ्यात चिली चिकन खाणार असशील तर आयपीए टाळ. कडवटपणानं मिरचीची आग वाढते, तिथे थंडगार साधी लेगरच शहाणी. कषा मांगशोला (मसालेदार मटणाला) मात्र भाजक्या माल्टची, थोडी गोडसर, गडद बिअर हवी. ऑलिपब किंवा ब्रॉडवेसारख्या जुन्या बारमध्ये निवड थोडकी असते, पण बाटल्या भराभर खपतात म्हणजे माल ताजा, आणि हे मोठं सुख आहे. नव्या मायक्रोब्रूअरीत (आपल्या पुण्याची एफिनगट इथेही आली आहे) आधी छोट्या ग्लासांचा सॅम्पलर घे आणि आज कोणती टाकी नवी उघडली ते विचार.

यावर वहिनी म्हणतील, नवी बिअर शोधणं हे पिण्याचं सभ्य निमित्त. बोलणं झोंबणारं आहे, पण हिशेब करून बघ. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरचा फार मोठा वाटा स्ट्राँगचा. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ५ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या ग्लासात साडेसोळा. स्ट्राँग घेणाऱ्याला मी हसत नाही. मोजक्या पैशांत झिंग हवी असेल तर त्याचा हिशेब चोख आहे. पण चवीसाठी पिणाऱ्याला एका ग्लासावर थांबणं सोपं जातं, असा माझा कयास. तब्येतीला बिअर बरी असते असं मात्र सांगू नकोस. कमी प्यायलं तरी ते निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे.

कुठल्याच यादीत नसलेली एक बिअर राहिली. पुरुलिया, बांकुडा, झाडग्रामकडे संथाळांच्या घरी भातापासून हांडिया करतात. शिजवलेला भात गार करून त्यात ‘बाखर’ची, म्हणजे मुळ्या-पाल्यांच्या विरजणाची, गोळी चुरायची आणि मडक्यात आंबू द्यायचं. पांढुरकी, आंबटसर, जेमतेम काही दिवस टिकणारी. ती बाटलीत भरत नाहीत, शहरात नीटशी पोचतही नाही. कुणी घरी बोलावलं, मडकं स्वच्छ दिसलं, तरच घ्यावी.

येण्याची तारीख कळव. मे-जून असेल तर गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करू, डिसेंबर असेल तर स्टाउटपासून. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश