आत्याचं अकलूज

आमच्या ऑफिसात सध्या व्हिएतनामची चलती आहे. डिसेंबरात तिघेजण सहकुटुंब जाऊन आले. दा नांगजवळच्या दोन अजस्र हातांनी तोललेल्या सोनेरी पुलावरचे फोटो, फोचे वाफाळते बाऊल, बाजारातली खरेदी... एका दिवसात माणसानं किती बघावं आणि किती खावं! मला कुणी विचारलं, 'तुमचा काय प्लॅन?' मी म्हटलं, 'अकलूज.' दोन सेकंद शांतता. मग एकानं विचारलं, 'लग्न आहे का कुणाचं?'

लग्न नव्हतं. पण बाबांच्या डोक्यात एक काम होतं. त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, अकलूजला एकटी राहते. वय 74, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली. दिवाळीनंतर बाथरूममध्ये पाय घसरला आणि मनगट मोडलं. बाबांनी ठरवलं, बास झालं, तिला पुण्याला आणायचं. फोनवर ती विषयच काढू देईना. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आई-बाबा, बायको, आठ वर्षांची लेक आणि मी, असे पाचजण गाडीत कोंबून निघालो. नाव ट्रिपचं.

पुण्याहून सोलापूर रोडनं इंदापूर, तिथून उजवीकडे. साडेतीन तास धरा. सराटीजवळ नीरा नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. सोलापूर म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो कोरडा, उन्हानं तापलेला माळ येतो ना, तो इथे दिसत नाही. नीरेच्या कालव्याचं पाणी आलं आणि माळशिरस तालुक्याचा हा भाग हिरवा झाला. जवळच्या माळीनगरला सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी 1930च्या दशकातच स्वतःचा साखर कारखाना उभा केला. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांच्या सहकारानं अकलूजचा चेहरा बदलला. हंगाम चालू होता, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि हवेत मळीचा वास. लेकीनं नाक दाबलं. बाबांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली.

आत्या दारातच उभी. हाताचं प्लास्टर निघालेलं, पण मनगट अजून सुजलेलं. ताटात गरम धपाटे, कवडी दही आणि शेंगदाण्याची चटणी. ही चटणी उखळात कुटतात, मिक्सरवर फिरवत नाहीत. तेल सुटेपर्यंत कुटायची. मोडलेल्या हातानं कुणी कुटली, हे विचारायची सोय नव्हती. 'शेजारच्या पोरीनं,' आत्यानं न विचारताच सांगितलं.

खाणं झाल्यावर तिनं पायात चपला सरकवल्या. 'चला, गाव दाखवते.' पुढचे आठ तास ती पुढे आणि आम्ही मागे.

आधी किल्ला. नीरेच्या काठावरचा हा भुईकोट. आत शिवसृष्टी केलीय. शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग मोठमोठ्या पुतळ्यांतून उभे केलेत. चौथीच्या पुस्तकातला इतिहास समोर उभा राहतो म्हटलं तरी चालेल. तिथे आत्या पुन्हा बाई झाली. 1689 साली संभाजीराजे पकडले गेल्याची बातमी आली, तेव्हा औरंगजेबाची छावणी अकलूजलाच होती. त्या आनंदात त्यानं गावाचं नाव बदलून असदनगर ठेवलं. 'मग आता असदनगर का नाही म्हणत?' लेकीचा प्रश्न. 'बादशहानं ठेवलं गं, माणसांनी नाही घेतलं,' आत्या म्हणाली.

बुरुजावरून खाली नदी दिसते. काठाला अकलाईचं देऊळ. ही गावची देवी. तिथपर्यंतच्या वाटेवर मी मोजलं, आत्याला अकराजणांनी थांबवलं. 'बाई, हात कसाय?' 'बाई, गोळ्या घेताय ना?' एक टक्कल पडलेले गृहस्थ स्कूटर थांबवून तिच्या पाया पडले. 'चौथीत पाढे चुकायचा,' आत्यानं लेकीला सांगितलं. ते लाजले. अकलूज 2021 साली नगरपरिषद झालं, त्याआधी वर्षानुवर्षं भलीमोठी ग्रामपंचायत होती. कागदावर आता शहर आहे. पण आत्याबरोबर चालताना ते गावच वाटतं.

देवळातून सदाशिवराव माने विद्यालयाचं मैदान. मैदान रिकामं होतं, चार पोरं क्रिकेट खेळत होती. आत्या मात्र तिथे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळली. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते. याच मैदानात गोल रिंगण होतं. आधी पताकावाले, तुळशीवाल्या बायका, विणेकरी धावतात, मग अश्व. 'घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते,' ती सांगत होती. आत्याच्या घरी एका दिंडीतली वीस-पंचवीस माणसं दरवर्षी जेवायला असतात. तिच्या सासूच्या काळापासून.

दुपारी घरी येऊन जेवण. हुलग्याचे शेंगोळे, ज्वारीची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा. पुण्यात प्रोटीन मोजणाऱ्या माझ्या बायकोनं शेंगोळे तीनदा घेतले. रसवंतीवर आलं-लिंबू घातलेला रस झाला. मग दहा-बारा किलोमीटरवर वेळापूर. तिथलं अर्धनारी नटेश्वराचं देऊळ यादवांच्या काळातलं. बाहेर चाळीस मिनिटं ऊन, आत गारवा. माउलींच्या पालखीचा मुक्काम या वेळापुरात असतो.

संध्याकाळी आत्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतावर हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले कोवळे हिरवे दाणे, सोबत चटणी, गूळ आणि दही. अशा वेळी माणूस विरघळतो, असा बाबांचा हिशेब असावा.

'आक्का, आता पुण्याला चल. एकटी नको राहूस.'

'पुण्यात येऊन काय करू?'

'आराम कर.'

'आराम इथं पण करते की.' तिनं लेकीच्या हातावर दाणे ठेवले. 'मी पडले तेव्हा शेजारची पोरगी पाच मिनिटांत आली. तुमच्याकडं पडले तर कोण येईल? तुम्ही सगळे ऑफिसात.'

आम्ही साडेआठला बाहेर पडतो आणि साडेसातला घरी येतो. आई-बाबा आमच्याकडे नाही, वेगळ्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात, आणि आईचे गुडघे गेलेत. बायकोनं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

'आणि रात्री पडलीस तर?' बाबा म्हणाले.

याला आत्याकडे उत्तर नव्हतं. ती आगटीकडे बघत राहिली. तिचा विद्यार्थी 'शेंगा आणतो' म्हणून उठून गेला.

'आषाढात माणसं दारात येतील,' ती थोड्या वेळानं म्हणाली. 'दाराला कुलूप बघून कुठं जातील?'

बाबांनी पुढे आग्रह केला नाही. मला वाटतं, दिवसभर त्यांनीही ते अकराजण मोजले होते. शेवटी वाटाघाटी झाल्या, अगदी ऑफिसातल्यासारख्या. बाथरूममध्ये दांडे आणि खरखरीत फरशी. शेजारची पोरगी, जी बारावीला आहे, तिनं अभ्यासाला आणि झोपायला आत्याकडे यायचं. मोबाईल उशाशी, चार्ज केलेला. आणि पुन्हा पडली तर पुण्याला यायचं, तक्रार न करता. शेवटच्या अटीवर आत्या 'बघू' म्हणाली. बाबांनी ते 'हो' असं धरलं.

तुमच्याही घरी असा विषय असेल. काका, मामी, आजी, कुणीतरी गावाला एकटं. फोनवर तो सुटत नाही, असा आमचा अनुभव. एक अख्खा दिवस त्यांच्यामागून त्यांच्या गावात हिंडा. बघण्यासारखं आणि खाण्यासारखं तर मिळेलच. शिवाय, आपण त्यांना कुठून उचलून आणायला निघालोय, तेही दिसेल.

बाथरूमचे दांडे आठवड्यात बसले. बसवणारा आत्याचाच विद्यार्थी, मजुरी घेईना. बाबा आता रोज सकाळी सातला तिला फोन करतात. तिसऱ्या रिंगला तिनं उचलला नाही, तर चहाचा कप हातातच राहतो.