बांध, घुशी आणि रायफल

घुशींनी बांध पोखरला, पाटाचं पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं. रागात म्हणलं, स्वस्तातली पॉइंट टू-टूची बोल्ट रायफल घेऊ. धाकट्यालाही नेमबाजीचा नाद. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरला कांस्य मिळवलं, ते याच बोअरवर. पण परवाना लागतो, अन् ती गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते. आमच्या हडपसरला बांधापलीकडंच सोसायटी, पोरं खेळत्यात. हात आखडला. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घेतली. २०१६ च्या नियमांनुसार तिला परवाना लागत नाही. धाकटा मागं मातीचा ढीग ठेवून कागदावर नेम धरतो. घुशीला खोबरं लावून पिंजरा लावलाय. तुम्ही काय करता, सांगा.